ग्रंथालय, रान आणि लेखणी : दुर्गाबाई भागवत यांची वाटचाल



दहावीचा निकाल लागला की आपल्या कारंज्यात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, ''आता पुढे काय?'' उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. गुण चांगले असले तर विज्ञान, मध्यम असले तर वाणिज्य नाही तर आयटीआय, आणि यातले काहीच जमले नाही तर कला. मुलगी असली तर कित्येक घरांत याहून आखूड उत्तर तयार असते, ''आता पुरे झाले.'' भाषा, इतिहास, लोकरीती, जुन्या इमारती, गाणी यांविषयी लिहून कोणाचे आयुष्य घडते काय, असे पालक विचारतात. हा प्रश्न मुळीच गैर नाही. पोटाचा विचार प्रत्येकाला करावाच लागतो. परंतु त्याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा इतिहासाकडून घ्यावे, हे बरे. म्हणून या लेखात मी आपल्यापुढे एका मराठी लेखिकेची कारकीर्द ठेवीत आहे. त्या म्हणजे दुर्गाबाई भागवत.

हे नाव विद्यार्थ्यांना परके नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या मराठी कुमारभारतीत 'वसंतहृदय चैत्र' हा पाठ आहे, तो त्यांचाच. पाठाखालचे प्रश्न सोडवून आपण पुस्तक मिटतो. पण असा पाठ लिहिणारी लेखणी कशी घडली, तिला काय सोसावे लागले, हे जाणून घेण्यासारखे आहे.

ललितनिबंध म्हणजे काय?

प्रथम या लेखनप्रकाराविषयी थोडे सांगितले पाहिजे. कथा-कादंबरीत लेखक माणसे आणि प्रसंग मनाने निर्माण करतो. इतिहासाच्या ग्रंथात तो पुराव्यानिशी घटना मांडतो. या दोहोंच्या मधोमध एक प्रकार आहे. त्यात माहिती खरी असावी लागते, परंतु ती सांगणाऱ्या माणसाचे मन, त्याचे पाहणे आणि त्याची भाषा हीही वाचकाला भेटतात. यालाच मराठीत ललितनिबंध म्हणतात. येथे कल्पनेला मोकळीक आहे ती मांडणीत, माहितीत नाही. नसलेला खांब आहे म्हणून सांगता येत नाही. असलेला खांब पाहताना मनात काय आले, ते सांगता येते.

मराठीत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांनी लघुनिबंध लोकप्रिय केला. रोजच्या जीवनातला एखादा लहानसा विषय घ्यावा आणि वाचकाशी हसतखेळत गप्पा माराव्यात, असे त्याचे रूप होते. पुढे इरावतीबाई कर्वे आणि दुर्गाबाई भागवत यांनी त्यात समाजशास्त्र, लोकसाहित्य, पुराणे आणि शिल्प यांचा व्यासंग आणला. गप्पांचा निबंध संस्कृतीचा शोध घेऊ लागला. दुर्गाबाईंचे मोठेपण येथे आहे.

एका घरातल्या दोन बहिणी

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूर येथे झाला. वडील रसायनशास्त्र शिकलेले होते आणि घरात विद्येला मान होता. धाकटी बहीण कमला हिने विज्ञानाची वाट धरली. १९३३ साली तिने बंगलोरच्या विज्ञान संस्थेत अर्ज केला, तेव्हा संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी ती मुलगी आहे म्हणून प्रथम प्रवेश नाकारला. कमलाने हट्ट सोडला नाही. शेवटी काही अटींवर तिला प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये तिने केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. भारताच्या विज्ञानाच्या इतिहासात कमला सोहोनी हे नाव आज आदराने घेतले जाते.

थोरली दुर्गा मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली. स्वातंत्र्य चळवळीचे ते दिवस होते; शिक्षण मध्येच थांबवून ती चळवळीत गेली आणि नंतर परत येऊन तिने ते पुरे केले. एम. ए. साठी तिने बौद्ध भिक्षुसंघाच्या न्यायनियमांचा अभ्यास केला. त्यावरील तिचा इंग्रजी प्रबंध १९३९ साली ग्रंथरूपाने आला, म्हणजे धाकट्या बहिणीने केंब्रिजची पदवी घेतली त्याच वर्षी.

पालकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. एकाच घरातल्या दोन मुली, एक प्रयोगशाळेत गेली आणि दुसरी पोथ्यांत. घराने यातली एक वाट शहाण्यांची आणि दुसरी उरलेल्यांची मानली असती, तर महाराष्ट्र एका मोठ्या लेखिकेस मुकला असता.

रानातला अभ्यास

पुढे दुर्गाबाईंनी पीएच.डी.साठी मुंबई विद्यापीठात प्रा. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचे संशोधन हाती घेतले. विषय होता मध्यप्रांतातील आदिवासींचे जीवन आणि लोकसाहित्य. मध्यप्रांत म्हणजे तेव्हाचा आपलाच प्रांत. १९५६ पर्यंत वर्धा जिल्हा मध्यप्रांतातच, म्हणजे पुढच्या मध्यप्रदेशात होता. गोंड समाज आपल्याला परका नाही. नागपूर शहराचा पाया घालणारा देवगडचा राजा बख्त बुलंद शाह हा गोंडच होता आणि त्याने इस्लाम स्वीकारला होता, हे आपण इतिहासात वाचतो. त्या गोंडांच्या आणि इतर वनवासी जमातींच्या वस्त्यांत एक सुशिक्षित तरुण स्त्री त्या काळी हिंडली. तिने त्यांची गाणी ऐकली, गोष्टी टिपल्या, त्यांचे अन्न खाल्ले.

याच भटकंतीत घात झाला. खाण्यात विषारी कंद आल्याने त्यांना विषबाधा झाली आणि सुमारे सहा वर्षे त्या अंथरुणाला खिळल्या. पीएच.डी. राहिली ती कायमचीच. ऐन उमेदीची वर्षे गेली. सामान्य माणूस येथे म्हणाला असता, ''आपले नशीब.'' दुर्गाबाईंनी मात्र हातचे काम टाकले नाही. सातपुड्याच्या खोऱ्यातील लोकगीतांवर त्यांनी लिहिले. लोकसाहित्याची शास्त्रशुद्ध ओळख मराठी वाचकांना करून देणारा 'लोकसाहित्याची रूपरेखा' हा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या जातककथा त्यांनी सात खंडांत मराठीत आणल्या. निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथाही त्यांनी मुलांसाठी मराठीत सांगितल्या. पदवी हुकली, पण विद्या हुकली नाही.

महिन्यांची गोष्ट, खांबाची गोष्ट

१९५६ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्याच वर्षी 'ऋतुचक्र' हे त्यांचे पुस्तक आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि प्रत्येक महिन्याचा एक निबंध, अशी त्याची साधी रचना आहे. त्यात झाडे आहेत, फुले, पाखरे, आभाळ आहे. दहावीच्या पाठात तुम्ही पिंपळाच्या पालवीचे वर्णन वाचले आहे. त्यात घाणेरीही आहे. घाणेरी म्हणजे रस्त्याच्या कडेला माजणारे, उग्र वासाचे झुडूप. आपल्याकडे काही जण तिला रायमुनिया म्हणतात. तिच्या फुलांकडे आपण कधी थांबून पाहिले आहे काय? दुर्गाबाईंनी पाहिले, आणि तिच्या रंगांना साहित्यात जागा दिली. मोठा लेखक मोठेच विषय शोधीत बसतो असे नाही. सर्वांना दिसणारी आणि कोणीच न पाहिलेली वस्तू तो नीट पाहतो.

१९६२ मध्ये 'व्यासपर्व' आले. त्यात महाभारतातील कर्ण, द्रौपदी, अश्वत्थामा अशा व्यक्तींकडे त्यांनी माणसे म्हणून पाहिले. पुढे 'रूपरंग' आले आणि १९७० साली 'पैस'. 'पैस' या पुस्तकास १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

'पैस' या नावाची हकिगत विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. अहमदनगर, म्हणजे आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे हे गाव आहे. तेथे दगडाचा एक जुना खांब असून त्यावर लेख कोरलेला आहे. या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली, अशी परंपरा आहे. या खांबाला 'पैस' म्हणतात, आणि पैस या शब्दाचा अर्थ विस्तार, ऐसपैस जागा. खांब तर उभा, एका जागी रोवलेला; आणि नाव मात्र विस्ताराचे! पुरातत्त्वाचा अभ्यासक येथे लेख वाचील, भाविक माथा टेकील, प्रवासी छायाचित्र घेईल. दुर्गाबाईंच्या निबंधात दगड, इतिहास, श्रद्धा आणि शब्द ही चारही एकमेकांशी बोलू लागतात. संस्कृतीविषयी लिहिणे म्हणजे काय, याचे याहून सोपे उदाहरण मला देता येणार नाही.

आणि संस्कृती म्हणजे देवळे, लेणी, काव्ये एवढेच त्यांनी मानले नाही. स्वयंपाकावर 'खमंग' नावाचे पुस्तक त्यांनीच लिहिले. चुलीवर काय शिजते आणि ते कसे शिजते, हाही त्यांच्या दृष्टीने इतिहासच होता.

ग्रंथालय हीच कर्मभूमी

एवढे लेखन करणाऱ्या बाईंचे कार्यालय कोठे होते? काही काळ त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेत समाजशास्त्र विभागात काम केले. परंतु त्यांची खरी जागा म्हणजे मुंबईच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. वर्षानुवर्षे त्या तेथे जाऊन वाचीत बसत. त्या अविवाहित राहिल्या आणि साधेपणाने जगल्या. लेखनातून फार पैसा मिळतो असे सांगून मी कोणाची दिशाभूल करणार नाही. या वाटेने जाणाऱ्याला बहुधा जोडीला नोकरी करावी लागते, गरजा आवराव्या लागतात. पण हेही खरे की ही विद्या फार महाग नाही. तिला प्रयोगशाळा लागत नाही, देणगी लागत नाही. वाचनालयातली एक खुर्ची, पायांत चालण्याचे बळ आणि डोळे उघडे ठेवण्याची सवय एवढ्यावर तिचा आरंभ होतो. हे सारे कारंज्याच्या मुलामुलींनाही मिळण्यासारखे आहे. न मिळाल्यास तो दोष त्यांचा नव्हे, आपणा मोठ्या माणसांचा आहे.

कराडची परीक्षा

लेखकाची परीक्षा केवळ पुस्तकांत होत नाही. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर निर्बंध आले आणि अनेक नेते तुरुंगात गेले. अशा वेळी डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपदी दुर्गाबाई होत्या. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनात अमरावतीस जन्मलेल्या कुसुमावती देशपांडे यांनी हे पद भूषविले होते. त्यानंतर हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्याच स्त्री. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्र सरकारातील मंत्री.

अशा मंडपात बहुतेक माणसे गुळमुळीत बोलून वेळ मारून नेतात. दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उघडपणे मांडला. नुकतेच कैदेतून सुटलेले जयप्रकाश नारायण तेव्हा अत्यंत आजारी होते. त्यांना आरोग्य लाभावे म्हणून प्रार्थना करण्याचे आवाहन त्यांनी त्या सभेत केले. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली, तीही एशियाटिकच्या ग्रंथालयातून. पासष्टी ओलांडलेली एक विदुषी, समोर ग्रंथ, आणि दाराशी पोलीस, असे ते दृश्य होते. त्यांना तुरुंगवास घडला. नंतर १९७७ च्या निवडणुकीत त्या प्रचारात उतरल्या. सरकार बदलले, परंतु त्यांनी स्वतःसाठी पद मागितले नाही. पद्मश्रीसारखे सन्मानही त्यांनी नाकारले.

हे धैर्य एका दिवसात आले काय? मला तसे वाटत नाही. अमेरिकेतील विचारवंत हेन्री थोरो याचे 'वॉल्डन' हे पुस्तक दुर्गाबाईंनी मराठीत आणले होते. अन्यायी धोरणाला पैसा पुरवायचा नाही म्हणून थोरोने कर भरला नाही आणि १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढली. त्याचा कायदेभंगावरील निबंध गांधीजींनीही वाचला होता. तेच गांधीजी १९३६ साली आपल्या जिल्ह्यातील सेवाग्रामला येऊन राहिले. विचार असा पुस्तकातून माणसात आणि एका देशातून दुसऱ्या देशात जातो. जो रोज असे ग्रंथ वाचतो, घाणेरीच्या फुलाबद्दलही खोटे लिहीत नाही, त्याला सत्तेपुढे खोटे बोलणे जड जाते. संस्कृतीचा अभ्यास आणि निर्भयपणा यांचे नाते मला असे दिसते.

दुर्गाबाई ७ मे २००२ रोजी मुंबईत निवर्तल्या. त्यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिची परंपरा खंडित झाली नाही. २०१९ मध्ये यवतमाळच्या संमेलनाच्या अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या आणि २०२५ मध्ये दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्ष तारा भवाळकर. दोघीही लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आहेत. ज्या ओव्या आणि कहाण्या पूर्वी 'बायकांचे काहीतरी' म्हणून बाजूला टाकल्या जात, त्यांच्या अभ्यासकांना आज मराठी साहित्याचा हा सर्वोच्च मान मिळतो.

आपल्या दाराशी काय आहे?

आता कोणी म्हणेल, गुरुजी, नेवासे दूर, मुंबईचे ग्रंथालय त्याहून दूर; येथे कारंज्यात लिहिण्यासारखे काय आहे? तर ऐका.

आपल्या शेजारच्या आर्वीला पूर्वी आर्वी तेलंगराव म्हणत. ज्यांच्या नावावरून हे नाव पडले ते तेलंगराव वली कोणी ब्राह्मण सांगतात, कोणी मुसलमान सांगतात. आणि त्यांच्या समाधीपुढे दोन्ही समाजांची माणसे श्रद्धेने उभी राहत आली आहेत. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रपूर तालुक्यात, गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. त्या टेकडीवर फळांसारखे दिसणारे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा सारा माल त्यांच्या शापाने दगड झाला, अशी कथा तेथे सांगतात. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की काळ्या पाषाणातील झिओलाइट नावाच्या खनिजाच्या या गाठी आहेत. विज्ञानाचे म्हणणे समजून घ्यावे आणि लोकांची कथाही जपावी. एक दगड कसा बनला ते सांगते, दुसरी माणसाचे मन कसे बनले ते सांगते.

यावर दुर्गाबाईंसारखे लिहायचे तर काय करावे? प्रथम तेथे जावे आणि डोळ्यांनी पाहावे. मग गावातल्या तीन-चार वृद्ध माणसांना तीच कथा वेगवेगळी विचारावी, आणि जो जसे सांगेल तसे त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावे. दोन कथा जुळल्या नाहीत तर आपल्या मनाने जुळवू नयेत. तो फरक हीच खरी माहिती असते. त्यानंतर वाचनालयात जाऊन जिल्ह्याचे गॅझेटियर पाहावे. आणि सर्वांत शेवटी लेखणी उचलावी.

आपल्या मुलांजवळ आणखी एक ठेवा आहे. घरात दादी-नानी उर्दू बोलतात, बाजारात वऱ्हाडी चालते, शाळेत पुस्तकी मराठी. कित्येकांना ही अडचण वाटते. पण ज्याला तीन बोलींतली गाणी कळतात, तीन चुलींवरचे पदार्थ ओळखता येतात, त्याला संस्कृतीचा अभ्यास करण्यासाठी दूर जावे लागत नाही. लग्नघरातली गाणी, मोहर्रमच्या आठवणी, शिवारातल्या संत्र्याच्या बागेतली बोली, हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. ते टिपून घेणारे कोणी आपल्यातूनच पुढे आले नाही, तर ती माणसे जातील तेव्हा हेही त्यांच्याबरोबर जाईल. मग बाहेरचा कोणी येऊन आपल्याविषयी जे लिहील, तेच पुढच्या पिढीला खरे वाटेल.

म्हणून पालकहो, एवढीच विनंती आहे. प्रत्येक मुलाने कला शाखेतच जावे असे मी म्हणत नाही. डॉक्टर व्हावे, इंजिनियर व्हावे, आम्हांला आनंदच आहे. परंतु वर्गातला एखादा मुलगा आजीच्या गोष्टी वहीत उतरवून ठेवीत असेल, एखादी मुलगी भांडी घासून झाल्यावर कंदिलाच्या नव्हे, आता मोबाईलच्या उजेडात पुस्तक वाचीत बसत असेल, तर तिला ''हे काय कामाचे?'' असे विचारू नका. तिला वाचनालयाचा सभासद करा. आणि विद्यार्थी मित्रहो, येत्या सुटीत एक कोरी वही घ्या, घरातल्या सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ बसा, आणि पहिल्या पानावर त्यांचे नाव व आजची तारीख घालून लिहायला आरंभ करा.